बाई लंपास, सांधा रफू

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ जुन्या मूक लघुपटांच्या एका खेळासाठी मराठी माहितीपत्रक लिहितायत. 'ट्रिक एडिटिंग'ला त्यांनी 'क्लृप्ती-संकलन' लिहिलं आणि 'व्हिज्युअल कॉमेडी'ला 'दृश्यात्मक विनोद'. बहिणीने कागद वाचला आणि विचारलं, "दादा, हा जीआर आहे का?" तर यापेक्षा बरे शब्द मराठीत आहेत का?

आहेत. आणि ते पाडायची गरज नाही, घरातच पडलेत. फक्त ते व्याकरणाच्या कपाटात न शोधता गारुड्याच्या पोतडीत शोधायला हवेत, कारण हा सगळा प्रकार मुळात तिथूनच आलेला आहे.

मूक लघुपटांत अशा करामती करणारा फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस हा पेशाने जादूगार. पॅरिसमधलं रॉबेर-हूदँ हे जादूच्या प्रयोगांचं थिएटर त्याने 1888 साली विकत घेतलं होतं. डिसेंबर 1895 मध्ये ल्युमिएर बंधूंचा हलत्या चित्रांचा खेळ त्याने पाहिला आणि वर्षभराच्या आत स्वतःच चित्रपट काढायला लागला. त्याच्या 1896 च्या एका जेमतेम मिनिटभराच्या चित्रपटाच्या नावात 'एस्कामोताज' हा शब्द आहे. हा खास जादूगारांचा शब्द. वस्तू हातोहात नाहीशी करणं हा त्याचा एक अर्थ आणि ढापणं हा दुसरा. आता मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच दमात कोण सांगतं? लंपास! 'रॉबेर-हूदँच्या थिएटरात बाई लंपास' हे त्या चित्रपटाचं भाषांतर मला तरी मूळ नावाच्या अगदी जवळचं वाटतं. पत्रकात छापायचं धाडस व्हायचं नाही, हे कबूल.

नाहीसं होण्यासाठी आपल्याकडे किती क्रियापदं आहेत, हे जरा बघा. देव अंतर्धान पावतो. पोथीतले साधू गुप्त होतात. चोर पसार होतो. क्रिकेट खेळताना चेंडू गटारात गडप होतो. उसने पैसे नेलेला मित्र रफूचक्कर होतो. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. 'चेंडू अंतर्धान पावला' म्हटलं की लगेच हसू येतं. म्हणून 'अदृश्य होणे' हे सपाट क्रियापद प्रत्येक चित्रपटाला लावू नका. पडद्यावर कोण नाहीसं होतंय आणि कशासाठी, ते बघून शब्द निवडा.

आता त्या बाईकडे जवळून पाहू. मेलिएस जमिनीवर आधी एक वर्तमानपत्र पसरतो. त्यावर खुर्ची ठेवतो. खुर्चीवर बाई बसते. तिच्यावर कापड टाकतो, ओढून घेतो, खुर्ची रिकामी! मग हातवारे करून बाईला परत आणायला जातो, तर खुर्चीवर सांगाडा येऊन बसतो. सांगाड्यावर पुन्हा कापड, आणि आता बाई जागेवर. रंगमंचावर या जादूत बाई जमिनीतल्या चोरदारातून खाली जायची. चोरदार नाहीच, असं भासवण्यासाठी ते वर्तमानपत्र. चित्रपटात चोरदाराची गरजच नव्हती, तरी त्याने कागद पसरलाच. मला या चित्रपटातलं सगळ्यात आवडतं ते हेच. काम उरलं नाही तरी जादूगाराची सवय काही सुटली नाही.

मग बाई गेली कुठे? कॅमेरा थांबवला, ती उठून बाजूला गेली, कॅमेरा पुन्हा सुरू केला. या युक्तीला मराठीत चपखल शब्द आहे: नजरबंदी. गारुडी नजरबंदी करतो म्हणजे वस्तू हलवत नाही, बघणाऱ्याची नजर बांधतो, अशी आपली जुनी समजूत. इथे ती शब्दशः खरी झाली. कॅमेऱ्याची नजर तेवढा वेळ बंदच होती! हिंदी बातम्यांमुळे 'नजरबंद' म्हणजे घरात स्थानबद्ध, असं अलीकडे आपल्यालाही वाटायला लागलंय. त्यासाठी मराठीत 'नजरकैद' आहे. नजरबंदी गारुड्यालाच राहू द्या.

'हातचलाखी' सुचवणारेही भेटतील. तो शब्द इथे थोडा हुकतो. हातचलाखीत हात चपळ लागतो. इथे उलट, हात दगडासारखा स्थिर ठेवावा लागतो. मी हे घरी मोबाइलवर करून पाहिलं. भाचीला खुर्चीत बसवलं, तिच्यावर चादर टाकली, चित्रीकरण थांबवलं, ती पळाली, पुन्हा सुरू केलं. भाची छान गायब झाली, पण त्याच क्षणी माझा खांदा चार बोटं खाली आला आणि मागचा पडदा पंख्याने उडून पलीकडे गेला. भाची खोखो हसली ती माझ्या खांद्याला. मेलिएस स्वतः चौकटीत उभा आहे, तेव्हा पुतळ्यासारखं थांबण्यात केवढं कसब आहे ते तेव्हा कळलं.

ही युक्ती कशी सुचली त्याची मेलिएसने स्वतः सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण करताना फिल्म अडकली, ती सोडवण्यात मिनिटभर गेला, आणि पडद्यावर बघतो तर प्रवासी गाडीची एकदम शववाहिका झालेली! गोष्ट सुरेख आहे, पण जादूगाराने सांगितलेली आहे हे विसरू नका. शिवाय एडिसनच्या कंपनीने 1895 सालीच स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद याच रीतीने दाखवला होता. कुऱ्हाड उगारल्यावर कॅमेरा थांबला आणि माणसाच्या जागी बाहुला आला.

आता तुमच्या 'संकलन' या शब्दाबद्दल. एरवी मी तो खोडला असता, पण इथे तो अगदीच चूक नाही. बरीच वर्षं सगळे समजत होते की मेलिएस नुसता कॅमेरा थांबवायचा. पुढे त्याच्या चित्रपटांच्या प्रती तपासल्या, तेव्हा अशा जागांवर फिल्म कापून चिकटवल्याच्या खुणा सापडल्या. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबताना आणि सुरू होताना मंदावतो, तिथल्या चौकटींवर प्रकाश जास्त पडतो, आणि हालचालही तंतोतंत जुळत नाही. नको असलेल्या चौकटी तो कापून टाकायचा आणि बेमालूम सांधा जोडायचा. हे संकलन खरंच, पण 'संकलन' म्हटलं की डोळ्यांपुढे गोळा करणं येतं. इथलं काम शिंप्याचं आहे. फाटलेलं कापड असं जोडायचं की जोड दिसू नये. याला आपण रफू म्हणतो. आणि त्या रफूमुळेच बाई रफूचक्कर होते! या दोन शब्दांचं मूळ एक आहे असा माझा दावा नाही, पण भाषेने आयती दिलेली कोटी सोडायची कशाला?

म्हणजे कॅमेऱ्यापाशी नजरबंदी, टेबलावर रफू. आणि दोन्ही मिळून पडद्यावर जे दिसतं त्याला? त्याला 'ट्रिकसीन' म्हणा. हा शब्द इंग्रजी आहे म्हणून नाक मुरडू नका. पौराणिक चित्रपटांत दोन बाण हवेत समोरासमोर येऊन भिडायचे, ते पाहून आलेली मागची पिढी "काय ट्रिकसीन होते!" असंच म्हणायची. तो कधीच मराठी झालाय. लिहा मात्र जोडून, कारण बोलतो तसाच.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करायचे. त्यासाठी घेतलेलं नाव प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा! ल्युमिएरनी 1896 मध्ये भिंत पाडतानाचं चित्र उलटं चालवून पडलेली भिंत पुन्हा उभी केली होती. दादासाहेबांनी तीच गंमत आडनावावर केली.

त्यांच्यामुळेच 'विनोद' या शब्दाचा प्रश्नही नीट कळतो. 1898 च्या एका चित्रपटात मेलिएस स्वतःचं डोकं उपटून टेबलावर ठेवतो, मानेवर नवं डोकं हजर, असं करत चार डोकी जमतात. ती गायला लागतात, आणि गाणं सहन न होऊन तो दोघांच्या टाळक्यात बँजो हाणतो. फाळक्यांच्या 1918 च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचंही डोकं धडावेगळं होऊन वर जातं आणि परत मानेवर येऊन बसतं. करामत एकाच जातीची. पण पहिली बघून हसू येतं, दुसरी बघताना कंसाच्या मनातली भीती कळते. पहिलीला गंमत म्हणायचं, दुसरीला चमत्कार. दोन्हींवर 'दृश्यात्मक' अशी एकच चिठ्ठी लावली तर हा फरकच पुसला जाईल.

विनोदी लघुपटांसाठी माझा शब्द 'फजिती'. ल्युमिएरच्या 1895 च्या चित्रात पोरगा माळ्याच्या पाण्याच्या नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो आणि पोरगा पाय उचलतो. त्या फ्रेंच नावाचा अर्थ 'शिंपणाराच भिजला' असा काहीतरी. फजितीला संवाद लागत नाहीत, तिला फक्त वेळ साधावी लागते. सेसिल हेपवर्थच्या 1900 सालच्या एका इंग्लिश चित्रपटात मोटार फुटते आणि धूर विरतो. रस्त्यावर एक पोलीस येतो. तो आभाळाकडे बघतो. मग कुठे वरून हात-पाय पडायला लागतात! स्फोट हा ट्रिकसीन आहे, हसू येतं ते मधल्या त्या वाट बघण्याला.

अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटनने 1921 च्या 'द प्लेहाऊस'मध्ये एकाच चौकटीत नऊ कीटन बसवले, तेही नजरबंदीनेच. भिंगावर झाकण, एका वेळी एकच फट उघडी, फिल्म मागे गुंडाळून पुन्हा तीच, असं नऊ वेळा. त्याला 'नऊपदरी भूमिका' वगैरे करू नका. 'नऊ कीटन' पुरे.

तर पत्रकात असं लिहून बघा: 'शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे ट्रिकसीन आणि फजित्या. कॅमेऱ्याची नजरबंदी आणि कात्रीचं रफू.' आणि छापायला देण्याआधी बहिणीला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.