रशियनच्या सहा विभक्ती झाल्या, शब्दही पाठ आहेत, तरी बोलताना क्रियापदं चुकतात. आता काय करू?

नवे शब्द थोडे बाजूला ठेवा आणि प्रत्येक क्रियापद अपूर्ण-पूर्ण अशा जोडीनंच पाठ करा. मी रशियनच्या शिकवण्या घेतो. विभक्ती येणारी मुलंसुद्धा अडखळतात ती इथेच. चितात्य म्हणजे वाचत असणं, प्रचितात्य म्हणजे वाचून काढणं. आपल्याकडे हे काम 'काढणे, टाकणे' करतात, त्यामुळे मराठी माणसाला कल्पना लगेच कळते. ती कळली तरी जोड्या मात्र घोकाव्याच लागतात, कारण गवरीत्य-स्कझात्य (बोलणे-सांगणे) किंवा ब्रात्य-व्झ्यात्य (घेणे) यांची रूपं एकमेकांवरून ओळखता येत नाहीत. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळही नसतो: प्रचितायु म्हणजे 'वाचतोय' नव्हे, 'वाचून काढीन'.

पण मराठीवर डोळे झाकून विसंबू नका. 'हे पुस्तक वाचलंयस का?' असं सहज विचारताना आपल्याला क्रिया पूर्ण वाटते. रशियन माणूस मात्र अपूर्ण रूपच वापरतो, 'ती चिताल एतु क्नीगु?' जाणे-येणेची क्रियापदं हे वेगळंच प्रकरण, ती स्वतंत्र शिका.

वाक्प्रचार सुटे पाठ करू नका, उत्तरासकट करा. परीक्षेआधी कुणी 'नि पूखा नि पेरा' (म्हणजे 'शुभेच्छा') म्हणालं की 'स्पसीबा' (धन्यवाद) म्हणायचं नसतं, 'क चोर्तु!' म्हणायचं, म्हणजे थेट 'सैतानाकडे!' समोरच्याला राग येत नाही.

शब्द किती लागतात? तेर्की म्हणजे परदेशी लोकांसाठीची रशियन भाषेची परीक्षा. तिच्या बी१ (मध्यम) पातळीची अधिकृत शब्दयादी साधारण 2300 शब्दांची आहे. तीच घ्या, जोड्या त्यातूनच काढा.