गुन्हा घडण्याआधीच मुलांची डीएनए नोंद ठेवावी का?

पुढे गुन्हेगारीकडे वळू शकतील अशी शाळकरी मुले आधीच हेरून त्यांची डीएनए नोंद ठेवावी का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे.

ही कल्पना नवी नाही. २००८ मध्ये स्कॉटलंड यार्डच्या न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख गॅरी प्यू यांनी ती जाहीरपणे मांडली होती आणि तिच्यावर मोठे वादंग झाले होते. त्याच वर्षी ४ डिसेंबरला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 'एस. आणि मार्पर' खटल्यात ब्रिटनविरुद्ध एकमताने निकाल दिला. यातील एस. याला २००१ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपावरून अटक झाली होती आणि काही महिन्यांतच तो निर्दोष सुटला. तरीही त्याचे बोटांचे ठसे व डीएनए नमुना नष्ट करण्यास पोलिसांनी नकार दिला होता. निर्दोष ठरलेल्यांची माहिती अशी सरसकट बाळगणे खासगी जीवनाच्या हक्काचा भंग आहे आणि अल्पवयीनांना त्याची झळ विशेष बसू शकते, असे न्यायालयाने नमूद केले. पुढे २०१२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये हे नियम आवळले गेले.

डीएनए नोंदीमुळे घडलेल्या गुन्ह्याचा माग लागतो, हे मान्यच आहे, परंतु सात वर्षांच्या मुलाचा दंगेखोरपणा पाहून (असे मूल कोणत्या वर्गात नसते?) त्याचे भवितव्य ठरवण्याची क्षमता ना शिक्षकाकडे असते, ना पोलिसांकडे.