शुगरच्या गोळीचा आतड्याशी काय संबंध?

तुमचा प्रश्न असा की वडिलांना डॉक्टरांनी सिटाग्लिप्टिन लिहून दिली आणि "ही आतड्यातल्या हार्मोनवर काम करते" म्हणाले, पण इन्सुलिन तर स्वादुपिंडात बनतं, मग आतडं मधेच कुठून आलं. माझी आई चार वर्षं हीच गोळी घेतेय, मलाही तेव्हा अगदी हेच वाटलं होतं.

गंमत बघा, ग्लुकोज सलाईनमधून थेट शिरेत दिलं आणि दुसऱ्या वेळी तोंडाने पाजलं, रक्तातली साखर दोन्ही वेळा सारखीच वाढू दिली, तरी पाजल्यावर इन्सुलिन कितीतरी जास्त येतं. हे 1964 मध्येच दिसलं होतं. म्हणजे स्वादुपिंड फक्त रक्तातली साखर बघून कामाला लागत नाही, अन्न आलंय हा निरोप त्याला आतड्याकडून जातो. निरोप नेणारी हार्मोन्स मुख्य दोन, लहान आतड्याच्या वरच्या भागातून जीआयपी आणि जास्त करून खालच्या टोकाकडून जीएलपी-1. तब्येत चांगली असेल तर ग्लुकोज प्यायल्यावरचं निम्म्याहून जास्त इन्सुलिन या दोघांमुळे येतं, टाइप 2 डायबिटीसमध्ये मात्र हा जोर बराच कमी पडतो.

जीएलपी-1 मला जास्त आवडतं कारण ते एकटं बरंच काही सांभाळतं, इन्सुलिन वाढवतं, लिव्हरला साखर सोडायला लावणारं ग्लुकागॉन दाबतं, पोट हळू रिकामं करतं, आणि साखर नॉर्मलला आली की इन्सुलिनसाठीचा रेटा आपोआप कमी करतं. अडचण एकच, डीपीपी-4 नावाचं एन्झाइम त्याला एक-दोन मिनिटांत तोडून टाकतं. वडिलांची गोळी त्या एन्झाइमलाच अडवते, म्हणजे शरीराने स्वतः बनवलेलं हार्मोन जरा जास्त वेळ टिकतं. सेमाग्लुटाइड या डायबिटीसच्याच दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी, त्यात जीएलपी-1 सारखाच पण आठवडाभर टिकेल असा रेणू बाहेरून देतात.

आईच्या ताटात आम्ही आता आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ वाढतो, भात शेवटी, कारण प्रोटीन आणि भाज्या आधी गेल्या की जीएलपी-1 जास्त सुटतं आणि भाताची साखर रक्तात हळू उतरते. ती सुरुवातीला फार कुरकुरली, वरणभाताशिवाय जेवण सुरू कसं करायचं म्हणून, पण दोन तासांनंतरचं रीडिंग ग्लुकोमीटरवर स्वतः बघितल्यापासून भाताची वाटी ती स्वतःच बाजूला सरकवून ठेवते.

एक मात्र आवर्जून बघा, नुसत्या सिटाग्लिप्टिनने शुगर लो व्हायची भीती फार नसते, पण सोबत ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर होऊ शकते, आणि पोटात खूप जोरात दुखून पाठीकडे कळ गेली तर वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.