हरकतीची मतपत्रिका

राजारामपुरीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या २००८ च्या सिनेट निवडणुकीवर लिहीत आहेत. तिथल्या मोजणीत दोन्ही बाजूंनी ज्या मतपत्रिका अडवून धरल्या, त्यांना 'आक्षेपित' म्हणावं, 'वादग्रस्त' की सरळ 'बाद'? आणि 'फेरमोजणी' बरोबर की 'पुनर्मतमोजणी'?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: फेरमोजणी. 'पुनर्मतमोजणी' एका दमात म्हणून बघा, जीभ दोनदा ठेचकाळते. 'फेर' मराठीत मुरलेला आहे. फेरविचार, फेरतपासणी, सातबाऱ्यावरचा फेरफार. शिवाय आपल्याकडं मोजणी म्हटलं की मतांआधी जमीन आठवते. बांधावरून भांडण लागलं की मोजणी आणायची, ती पटली नाही की वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा करून घ्यायची. भूमिअभिलेखच्या कागदावर तिला 'निमताना मोजणी' म्हणतात. इतका देखणा शब्द मतमोजणीला मिळाला नाही, याची मला उगाच हळहळ वाटते.

क्रियापद मात्र जपून वापरा. आपल्याकडं फेरमोजणी 'मागतात'. १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ६३ व्या नियमानुसार उमेदवारानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं कारणं देऊन लेखी अर्ज करायचा असतो. मिनेसोटात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत होता, म्हणून कायद्यानं ती आपोआप झाली. सुमारे २९ लाख मतांत तेव्हाचे सिनेटर नॉर्म कोलमन यांची आघाडी होती २१५ मतांची! तेव्हा 'फेरमोजणी लागली' असं लिहा, 'मागितली' नको.

आता मतपत्रिका. 'आक्षेपित' हा शब्द आपल्या निवडणूक कायद्यात आधीच कामाला लागलेला आहे आणि त्याचं काम वेगळं आहे. मतदान केंद्रावर एखादा प्रतिनिधी उठून म्हणतो, "हा तो माणूसच नव्हे." दोन रुपये भरून तो आक्षेप नोंदवतो, केंद्राध्यक्ष चौकशी करतो. ते आक्षेपित मत. म्हणजे आक्षेप माणसावर असतो, कागदावर नाही. मतपत्रिका तर अजून हातातही पडलेली नसते. निवडणूक ड्यूटी केलेला कुणीही मास्तर तुमचा लेख वाचताना इथं अडखळेल.

'वादग्रस्त' मला पटत नाही, ही माझी आवड-निवड समजा. वर्तमानपत्रांनी तो शब्द पुढाऱ्यांना आणि भूखंडांना इतका वापरलाय की वादग्रस्त मतपत्रिका म्हटलं की तिनंच काहीतरी भानगड केल्यासारखं वाटतं.

राहिला 'बाद'. तो निकाल आहे. एका सेवा सोसायटीच्या मोजणीला मी टेबलावर होतो, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायला. एक मतपत्रिका उलगडली तर कपबशीवर ठसठशीत शिक्का आणि घडीच्या पलीकडं, छत्रीवर, दुसरा फिकट जांभळा. छत्रीवाल्यांचा प्रतिनिधी जाळीमागून ओरडला, "साहेब, दोन शिक्के हाईत, बाद करा!" कपबशीवाला म्हणाला, "घडी घालून बघा की ओ, शाई लागलीया." साहेबांनी कागद पहिल्या घडीवर दुमडला, पुन्हा उघडला. छत्रीवरच्या ठशातल्या बाणफुलीचे बाण उलटे वळलेले. (बाणफुली मुद्दाम तशी केलेली आहे. घडीनं उमटलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा पडतो, म्हणून खरा शिक्का कुठला ते कळतं.) मत कपबशीला गेलं. पण त्याआधीची दोन मिनिटं ती मतपत्रिका ना वैध होती, ना बाद. टेबलावर सगळे तिला 'डाऊटफुल' म्हणत होते.

त्या दोन मिनिटांसाठी शब्द हवा, तर माझं मत 'हरकत घेतलेली' किंवा 'हरकतीची मतपत्रिका'. मतदार यादीवर हरकती येतात, वारसाच्या नोंदीला हरकत येते, गावात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसती हालचाल. गवयाच्या गळ्यातली हरकत त्या अर्थाच्या जवळ राहिली, तलाठ्याकडची लांब गेली.

मिनेसोटातली गाजलेली मतपत्रिका या शब्दात नीट बसते. एका मतदारानं कोलमन यांचे प्रतिस्पर्धी अल फ्रँकन यांच्या नावापुढचा गोल भरला आणि खाली, यादीबाहेरचं नाव लिहायच्या कोऱ्या जागेत, 'लिझर्ड पीपल', म्हणजे सरडेमाणसं, असं लिहून तिथलाही गोल भरला. हरकत आली. हरकतींचा निकाल देणाऱ्या राज्याच्या मंडळानं दोन मतं धरून ती मोजणीतून काढली. आधी हरकतीची, मग बाद.

जाता जाता एक. तुमच्या शीर्षकात 'अत्यंत जवळची निवडणूक' आहे, ते बदला. आपल्याकडं निवडणूक घासून होते. 'काटाजोड'चा मोह होईल, पण कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती काटाजोड ठरते ती लागण्याआधी. निकालाला 'निसटता विजय' बरा. आणि 'निवडून आले' हे क्रियापदही जरा उशिरा येऊ द्या. फेरमोजणीत फ्रँकन २२५ मतांनी पुढं गेले, कोर्टात ती आघाडी ३१२ झाली, आणि नोव्हेंबरातल्या मतदानाचा वाद मिटायला ३० जून २००९ उजाडला.