कॅल्शियमची गोळी आणि संप्रेरके

प्रश्न : माझे वय 54 असून पाळी थांबली आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते आणि पाठोपाठ कॅल्शियमची. तिने हाडे खरोखर बळकट होतात का? संप्रेरकांवर तिचा परिणाम होतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी या दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर ठेवा, कारण कॅल्शियममुळे थायरॉइडच्या गोळीतील थायरॉक्सिन आतड्यात नीट शोषले जात नाही. रक्तातील कॅल्शियम किंचित जरी घटले, तरी गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक स्रवतात, ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते, मूत्रावाटे जाणारे रोखते आणि ‘ड’ जीवनसत्त्व सक्रिय करते. गोळी घेतल्यावर काही तास हे संप्रेरक उतरते व हाडांची झीज मंदावते. मात्र पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्याने होणारी झीज एकट्या गोळीने थांबत नाही. अमेरिकेत 36,282 स्त्रियांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाने खुब्याच्या हाडाची घनता थोडी वाढली, पण तेथील फ्रॅक्चर लक्षणीय घटले नाहीत. मुतखडे मात्र वाढले. म्हणून नाचणी, दूध, तीळ यांतून किती मिळते ते आधी पाहावे आणि उरलेलीच तूट गोळीने भरावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या 1250 मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असते. एका वेळी त्याहून अधिक घेऊ नये आणि ही गोळी जेवणासोबतच घ्यावी. पूर्वी मुतखडा झाला असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगा आणि हाडांची घनता व ‘ड’ जीवनसत्त्व तपासण्याविषयी विचारा.