नागपूर महानगरपालिकेच्या वेगवेगळ्या विभागांनी अलीकडे काय काय केलं आहे, आणि नव्याने राहायला येणाऱ्याला त्याचा किती उपयोग?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून नागपूरला बदली झाली आहे, मनीषनगर-बेसा बाजूला घर बघताय, आणि जो भेटतो तो महापालिकेच्या कुठल्या ना कुठल्या कामाबद्दल बोलतो. तर कोणता विभाग नेमकं काय करतोय आणि त्यातलं खरं कामाचं काय. मी नागपुरात घरांचे नकाशे करते आणि ते मंजूर करून घेते. त्यामुळे सिव्हिल लाइन्समधलं मुख्यालय आणि झोन ऑफिसं इथे माझं सतत जाणं-येणं असतं. जे बघते ते सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर इथल्या बातम्या वाचून डोकं भणभणेल. नागपुरात दिसणारं प्रत्येक काम महापालिकेचं नसतं. मेट्रो महामेट्रोची. मोठे उड्डाणपूल बहुतेक राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा महारेलचे. १९३६ च्या कायद्यातून आलेला नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आमची नासुप्र, अजून आहे. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या, ले-आउटचं नियमितीकरण आणि प्लॉटचं आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) तिथून मिळतं. शहराच्या हद्दीबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. महापालिका १९५१ ची, तिचे दहा झोन: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर, मंगळवारी. तुमच्या घरचा नळ, गडर लाइन (सांडपाण्याची), कचरा, दिवा, घरासमोरचा रस्ता आणि मालमत्ता कर या सगळ्याचा संबंध झोनशी येतो. आणखी एक: मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत सगळा कारभार प्रशासकाकडे होता. या काळातली कामं सभागृहातल्या चर्चेशिवाय झालेली आहेत. वॉर्डातल्या नालीची, चेंबरची बारीकसारीक तक्रार वर पोचवणारं माणूसच मधे नव्हतं, हा तोटा मला मोठा वाटतो.

आता कामांकडे येते. विभाग पुष्कळ आहेत. सगळे सारख्याच तपशिलाने सांगत नाही. माझं स्पष्ट मत असं आहे की या शहरात महापालिकेला तोलायचं तर पाण्याच्या मागे मागे जावं. पाणी एका विभागाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं, आणि जिथे हात सुटतो तिथे लोकांच्या घरात शिरतं.

नागपूरचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून, म्हणजे नवेगाव खैरीच्या धरणातून येतं. थोडं कन्हान नदीतून. गोरेवाडा हा त्यामानाने लहान, जुना स्रोत. आधी धरमपेठ झोनमध्ये चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला आणि २०१२ पासून पूर्ण शहराच्या वितरणाचं काम खाजगी भागीदारीतल्या कंपनीकडे पंचवीस वर्षांच्या कराराने दिलं गेलं. जुन्या गंजक्या जोडण्या काढून एमडीपीईचे (प्लास्टिकचे) पाइप टाकले, मीटर बसवले, नवे जलकुंभ बांधले. एवढ्या मोठ्या शहरासाठी हे धाडस करणारे आपण देशात पहिल्यांपैकी. पण चोवीस तास पाणी सगळीकडे आलं असं समजू नका. काही भागात ते खरंच आहे, बऱ्याच भागात ठरलेल्या वेळी पण दाबाने येतं, आणि हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या नंतर हद्दीत आलेल्या भागांत टँकर अजून ओळखीचा आहे. अमृत योजनेतून तिकडे जलकुंभ आणि लाइन टाकणं सुरू आहे. घर बघताना बिल्डरला "पाणी आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्या इमारतीचं पाण्याचं बिल दाखवा म्हणा. बिल असेल तर जोडणी आहे.

२०१९ चा जुलै आठवतो. पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं होतं, पावसाने दडी मारली होती आणि महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून आपल्याकडे येणारा येवा कमी झाला आहे. धरण उशाला असूनही हे शहर किती टांगणीला लागू शकतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

म्हणूनच महापालिकेचं मला सगळ्यांत मोलाचं वाटणारं काम कोणी फोटो काढायला जात नाही अशा जागी आहे: भांडेवाडीला. शहराचं सांडपाणी तिथे शुद्ध होतं आणि पाइपलाइनने कोराडीच्या वीज केंद्राला जातं. २००८ मध्ये महानिर्मितीशी, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीशी, करार झाला, दिवसाला १३० दशलक्ष लिटरची योजना झाली, आणि पुढे भांडेवाडीच्या केंद्राची क्षमता २०० दशलक्ष लिटरपर्यंत नेली. औष्णिक वीज केंद्राचे कूलिंग टॉवर पाणी अक्षरशः पितात. पूर्वी तेही पेंचचं, म्हणजे आपल्या पिण्याच्या वाट्यातलं असायचं. आता आपण वापरून टाकलेलं पाणी कोराडीला चालतं, महापालिकेला त्याचे पैसे मिळतात आणि धरणातलं पाणी वाचतं. हे काम आपल्या महापालिकेने केलं याचा मला मनापासून अभिमान आहे.

त्याच भांडेवाडीला दुसरी बाजू आहे. शहराचा कचराही वर्षानुवर्षं तिथेच पडला. उन्हाळ्यात ढिगाला आग लागली की पूर्व नागपूर धुराने खोकतं. गेल्या काही वर्षांत जुना कचरा चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे करण्याचं काम, म्हणजे बायोमायनिंग, बरंच झालं आहे आणि नव्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. नोव्हेंबर २०१९ पासून कचरा उचलायला दोन कंपन्या आहेत, पाच-पाच झोन वाटून दिलेले. ओला-सुका वेगळा घरातच केला तर पुढचं सगळं सोपं होतं. गाडीवरच्या माणसाकडे वेगवेगळे डबे द्या.

नाग नदीबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावातून पुढे सीताबर्डी, महाल करत शहराच्या पोटातून जाते. पिवळी नदीला, मग कन्हानला मिळते आणि आपली घाण वैनगंगेतून गोसीखुर्दच्या धरणापर्यंत पोचवते. तिच्या शुद्धीकरणाचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला आहे, जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे. त्यात मुख्य काम गडर लाइनचं आणि नव्या शुद्धीकरण केंद्रांचं. सौंदर्यीकरणाची चित्रं बघून भुलू नका. घराघरातली गडर जोपर्यंत थेट नदीत सुटते तोपर्यंत काठावर कितीही फरशा लावा, उपयोग नाही.

आणि २३ सप्टेंबर २०२३. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस आला, साधारण चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी ओसंडून वाहिला. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट भागांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं, सीताबर्डीचं मोरभवन बसस्थानक बुडालं, माणसं गेली, सुमारे दहा हजार घरांचं नुकसान झालं. त्यानंतरच्या दिवसांत मी त्या भागातली काही घरं पाहिली. भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती आणि तिच्या खालचं प्लॅस्टर बोटाने दाबलं तरी सुटत होतं. सोफे, गाद्या, मुलांची पुस्तकं सगळं फाटकाबाहेर ढीग करून ठेवलेलं. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली पोरी इथं राहून, नदी अशी घरात आलेली कधी पाह्यली नव्हती."

त्या पुराने महापालिकेच्या विभागांना एकमेकांकडे बघायला लावलं. अंबाझरीचं धरण मातीचं, १८७० च्या सुमाराचं, मालकी महापालिकेची. भिंतीवर वाढलेल्या झाडांची मुळं बांध पोखरतात, मग तो प्रश्न उद्यान विभागाचा. सांडव्यापुढचा पूल अरुंद, तो लोककर्म (बांधकाम) विभागाचा. नदीत आलेली बांधकामं नगररचना विभागाची. नदीतला गाळ घनकचरा आणि झोनचा. नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, न्यायालयाने सतत पाठपुरावा केला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. तेव्हा कुठे बांध बळकट करणं, नदीच्या भिंती, पूल नव्याने बांधणं ही कामं एका कागदावर आली. यांतली काही झाली, काही रेंगाळली. दर उन्हाळ्यात नाग, पिवळी, पोहरा या तिन्ही नद्यांत पोकलँड उतरतात आणि गाळ काढतात. हे अभियान पुराच्या आधीपासूनचं आहे आणि चांगलं आहे. फक्त काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या सरीत परत नदीत जातो. मे महिन्यात फिरायला निघालात तर तेवढं बघा: गाळ उचलून नेताहेत की नाही.

रस्त्यांचं सांगायलाच हवं, कारण माझ्या धंद्याशी त्याचा रोज संबंध येतो. शहरात टप्प्याटप्प्याने सिमेंटचे रस्ते झाले. खड्डे खरंच कमी झाले, हे नाकारणार नाही. पण बऱ्याच ठिकाणी जुना डांबरी थर न खोदता वरच काँक्रीट ओतलं, रस्त्याची पातळी चढली आणि जुन्या घरांची जोती खाली गेली. आधी पाणी अंगणातून रस्त्यावर जायचं, आता रस्त्यावरून अंगणात येतं. पावसाळी नाली रस्त्याबरोबरच झाली असती तर हे टळलं असतं. जुनं घर घेणार असाल तर फाटकात उभं राहा आणि रस्ता पायरीच्या वर आहे की खाली, एवढं आधी बघा. नवं बांधणार असाल तर जोतं उंच घ्या. ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था २०२० च्या बांधकाम नियमावलीने सक्तीची आहे. लहान प्लॉटवरही करा, खर्च फार येत नाही.

आरोग्य विभागातला एक कोपरा लोकांच्या नजरेतून सुटतो, तो मलेरिया-फायलेरिया विभाग. नागपूर म्हणजे कूलर. एप्रिल ते जून प्रत्येक खिडकीला एक. पाऊस आला की कूलर बंद होतो आणि टाकीतलं पाणी तसंच राहतं. मग कर्मचारी दारात येते, बॅटरी मारून टाकीत बघते. "काकू, कूलर कधी रिकामा केला होता?" "हे आत्ता आठ दिवस झाले असतील." ती पळीने पाणी काढून दाखवते: आत वळवळणारे बारीक धाग्यासारखे जीव. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाच लागतो, म्हणून आठवड्यात एक दिवस सगळी भांडी कोरडी करा असं त्या सांगत फिरतात. अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहू शकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. २०२१ ला डेंग्यूने आणि २०२४ ला चिकुनगुन्याने नागपूरकरांचे सांधे धरले होते. या बायका उन्हापावसात घरोघरी जातात, पुष्कळ ठिकाणी त्यांना फाटकातूनच परत पाठवतात. तुम्ही आलात की त्यांना आत घ्या, पाणी विचारा.

उन्हाचंच निघालं म्हणून: मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ ला गेला होता. २०१६ पासून महापालिकेचा उष्माघात प्रतिबंधक आराखडा आहे. दुपारी बागा उघड्या ठेवणं, दवाखान्यांत थंड कक्ष, पाणपोया असं साधंच काम, पण हातगाडीवाल्याला, रिक्षावाल्याला त्याचा आधार असतो.

बाकीचं थोडक्यात. शिक्षण विभागाने महापालिका शाळांतल्या हुशार मुलांसाठी सुपर-७५ नावाने जेईई-नीटची तयारी सुरू केली, फार चांगला उपक्रम. परिवहन विभागाची 'आपली बस' आता बरीचशी विजेवर. मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतच्या फेऱ्या मात्र अपुऱ्या. रस्त्यावरचे दिवे एलईडी झाले. जुना भंडारा रोड रुंद करण्याचं प्रकरण वीस वर्षांहून जास्त काळ रखडलेलं आहे, त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

पैशाचं एक वाक्य: वर्षाचा अर्थसंकल्प साधारण साडेपाच हजार कोटींच्या घरात असतो आणि त्यात मोठा वाटा राज्याकडून येणाऱ्या जीएसटी अनुदानाचा. २०१३ ला जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. तेव्हापासून महापालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नकाशा मंजुरीचं शुल्क उरलंय. लहान कामांना निधी नाही हे उत्तर झोनमध्ये ऐकायला मिळतं ते त्यामुळे.

आता तुमच्या घराचं. मनीषनगर महापालिकेच्या हद्दीत आहे. त्याला लागूनच असलेलं बेसा मात्र बेसा-पिपळा नगरपंचायतीत येतं. जाहिरातीत दोन्ही एकच असतात, पण वर सांगितलेलं जवळपास काहीही बेशाला आपोआप लागू होत नाही: पाणी, गडर, कचरा, कर सगळं वेगळं. टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून मालमत्ता कराची पावती आणि मंजूर नकाशा मागा, आणि त्यावर शिक्का महापालिकेचा, नासुप्रचा, एनएमआरडीएचा की नगरपंचायतीचा ते वाचा. प्लॉट गुंठेवारी ले-आउटमधला असेल तर आर.एल. पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला तासभर पाऊस पडून गेल्यावर, एकदा त्या गल्लीत चक्कर मारा.