क्षमा मिळाली, मग पुढे काय?

प्रिय मित्रा,

तुझे पत्र सावकाश वाचले. कामातली स्वतःची चूक झाकण्यासाठी तू खोटे बोललास, ठपका सहकाऱ्यावर आला आणि त्याची नोकरी गेली, हे तू आडपडदा न ठेवता लिहिले आहेस. देवाजवळ क्षमा मागूनही मनाला स्वस्थता नाही, आणि आता आईच्या आजारपणामुळे ‘ही माझ्याच पापाची शिक्षा तर नव्हे ना?’ या विचाराने तुझी झोप उडाली आहे. तुझ्या मनात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले असले, तरी त्यांची उत्तरे निराळी आहेत, म्हणून आधी आईविषयी लिहितो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून मेलेल्या १८ जणांविषयी तो बोलतो. यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा ते अधिक अपराधी होते असे समजू नका, असे सांगून तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला लावतो. मृत्यू आणि रोगराई हे सगळे पतित सृष्टीचे भोग आहेत, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. परंतु अमक्याचे दुखणे म्हणजे तमक्या पापाचा दंड, असा हिशेब मांडण्याचा अधिकार ती माणसाला देत नाही. संकटांनी ग्रासलेल्या नीतिमान ईयोबाच्या मित्रांनी नेमका तोच हिशेब मांडला आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. तेव्हा आईच्या उशाशी बसताना तू अपराधी म्हणून बसू नकोस, मुलगा म्हणून बस.

आता तुझ्या पापाविषयी. पाप म्हणजे नियमभंग हे खरे, पण तेवढेच म्हटले तर दंड भरला की प्रकरण मिटले असे वाटू लागते. उत्पत्तीच्या ३ऱ्या अध्यायात आज्ञा मोडल्यावर काय काय घडते, त्याचा क्रम पाहा. आदाम आणि हव्वा ही पहिली दोन माणसे प्रथम एकमेकांसमोर लाजून अंजिराची पाने शिवतात, मग देवाची चाहूल लागताच झाडांआड लपतात. ‘तू कोठे आहेस?’ या प्रश्नानंतर आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो, आणि ‘तू मला दिलेली ही स्त्री’ असे म्हणत दोषाचा थोडा भाग देवावरही ढकलतो. जमिनीला शाप, कष्ट आणि मरण यांचा उच्चार त्यानंतर होतो. म्हणजे निकाल ऐकवला जाण्याआधीच दुरावा, भीती आणि दोषारोप सुरू झालेले असतात. ते पापाच्या पोटातूनच निघतात. तुझे खोटे बोलणे आणि सहकाऱ्यावर आलेला ठपका याच जातीचे आहेत.

‘मी इतका खालच्या थराला जाईन असे कधी वाटले नव्हते,’ असे तू लिहितोस. या आश्चर्यावर चर्चने फार विचार केला आहे. मनुष्य स्वतःच्या इच्छाबळावर निष्पाप राहू शकतो, असे ५व्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने शिकवले. बिशप ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. आदामाचा दोषही आपल्याला वारशाने येतो, की केवळ मर्त्यपण आणि वाईटाकडचा कल येतो, याविषयी पाश्चिमात्य आणि पौर्वात्य चर्चमध्ये आजही एकवाक्यता नाही. परंतु कल आहे, याविषयी दुमत नाही. जे चांगले करावेसे वाटते ते मी करीत नाही, हे रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायातले प्रेषित पौलाचे दुःख तुला आता परके वाटणार नाही. मात्र या कलाची सबब करू नकोस. खोटे बोलताना तुझी जीभ दुसऱ्या कोणी हलवली नव्हती.

क्षमा मागूनही स्वस्थता का नाही, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी दावीद राजाची हकिकत नीट वाच, आणि घाईने क्षमेच्या वाक्यापर्यंत पोहोचू नकोस. सैन्य राब्बा या शत्रूच्या शहराला वेढा घालून बसले आहे, राजा मात्र यरुशलेमेत आहे, आणि तिथे तो बथशेबा या आपल्या एका शिपायाच्या बायकोशी व्यभिचार करतो. बथशेबेला दिवस गेल्याचे कळताच तो तिचा नवरा उरीया याला रणांगणावरून बोलावून घेतो, युद्धाची खुशाली विचारतो आणि घरी जाऊन विश्रांती घे म्हणतो. सोबती उघड्या मैदानात असताना मी घरी सुखाने कसा निजू, असे म्हणून उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपतो. दुसऱ्या रात्री राजा त्याला दारू पाजून पाहतो, तरी तो घरी जात नाही. मग दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो, की उरीयाला तुंबळ लढाईच्या तोंडी उभा करा आणि त्याला सोडून मागे सरा. आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देतो. तो प्रामाणिक शिपाई स्वतःच्या मृत्यूचा हुकूम स्वतः वाहून नेतो. वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला, असे याकोबाने लिहिले आहे. ते इथे डोळ्यांदेखत घडते.

पुढे मूल जन्माला येईपर्यंत दावीद गप्पच आहे. नाथान संदेष्टा येऊन गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, तेव्हा राजा संतापून चौपट भरपाईचा हुकूम सोडतो, आणि नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ दावीद आपला अपराध कबूल करतो. लगेच नाथान सांगतो, की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. परंतु तलवार तुझ्या घराला सोडणार नाही हे त्याने आधीच सांगितलेले असते, आणि ते मागे घेतले जात नाही. मूल दगावते, दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर अत्याचार करतो, दुसरा मुलगा अबशालोम त्या भावाला मारतो आणि पुढे बापाविरुद्ध उठतो. क्षमा खरी होती आणि परिणामही खरे होते. त्या मुलाचा मृत्यू वाचताना मला आजही जड जाते, आणि तू लगेच आईकडे बोट दाखवशील हेही मी जाणतो. पण तिथे तो संबंध देवाने पाठवलेल्या संदेष्ट्याने उघड सांगितला होता, तुझ्या बाबतीत तो केवळ तुझ्या भीतीने जोडला आहे.

पापाचे वेतन मरण आहे, असे पौल लिहितो, आणि त्याच वाक्यात देवाच्या कृपादानाला युगानुयुगाचे जीवन म्हणतो. पापाचा शेवटचा परिणाम म्हणजे देवापासून कायमची ताटातूट. ती ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्यासाठी सोसली, म्हणून पश्चात्तापी माणसाला तिची धास्ती उरत नाही. पण तुझ्या क्षमेने सहकाऱ्याची नोकरी परत येत नाही, त्याच्या नावावरचा डाग पुसला जात नाही. अपराधाची क्षमा झाल्यावरही पापाचे ऐहिक परिणाम आणि भरपाईचे कर्तव्य उरते, हे कॅथलिक परंपरा पापनिवेदन आणि प्रायश्चित्ताच्या शिस्तीतून स्पष्ट शिकवते. प्रॉटेस्टंट शिकवण भरपाईला तारणाची किंमत मानत नाही, तरी पश्चात्तापाचे फळ म्हणून तिची अपेक्षा ठेवतेच. जक्कय या जकातदाराने जेवढे लुबाडले होते त्याच्या चौपट परत करण्याचे वचन दिले, ते येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यानंतर. तुझी अस्वस्थता क्षमा न मिळाल्याची खूण आहे असे मला वाटत नाही. तुझ्याकडून एक काम राहिले आहे, याची ती आठवण असावी.

हे काम मनाला छळत बसून होणार नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्यालाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची तीस नाणी परत नेली आणि निर्दोष माणसाला धरून दिल्याचे कबूलही केले, पण ज्यांच्यापुढे केले ते याजक ‘त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा,’ म्हणाले; आणि ज्याला त्याने दगा दिला होता, त्याच्याकडे तो वळला नाही. येशूला धरले त्याच रात्री पेत्र या शिष्याने प्रभूला तीनदा नाकारले, तो ढसढसा रडला, तरी शिष्यांमध्ये राहिला. देवाला अनुसरून झालेले दुःख आणि जगाचे दुःख यांत पौल जो भेद करतो, तो मला या दोघांत दिसतो.

वेदीवर अर्पण आणले असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. म्हणून त्या सहकाऱ्याला समक्ष भेट. घडले ते सरळ सांग, कारणे देऊ नकोस, आईच्या आजाराचा उल्लेखही करू नकोस, नाहीतर तो तुझी कीव करण्याच्या पेचात सापडेल. त्यानंतर ज्यांनी त्याला काढले त्या वरिष्ठांना लेखी कबुली दे आणि तिची प्रत त्याच्या हाती ठेव. त्यात तुझी नोकरी जाऊ शकते, हे गृहीत धरून जा. त्याचा बुडालेला पगार तुला भरून देता येत असेल, तर हप्त्याहप्त्याने का होईना, पण दे. त्याने क्षमा केलीच पाहिजे, असा हट्ट धरू नकोस. त्याने दार लावून घेतले, तरी वरिष्ठांना द्यायची कबुली टाळू नकोस. मजकूर लिहून झाला की मला दाखव, आणि एकट्याने जाणे अवघड वाटले तर कळव, मी दारापर्यंत सोबत येईन.

प्रभूमध्ये तुझा,
एक वडीलधारा मित्र